गाळलेल्या आकड्यांचं काय?

टॅब्लो हे सॉफ्टवेअर घेऊन डॅशबोर्ड करायला बसलेल्या नवशिक्याची पहिली गाठ एका अमेरिकन दुकानाशी पडते. दुकानाचं नाव सुपरस्टोअर. ते कुठल्याही रस्त्यावर सापडणार नाही; सॉफ्टवेअरसोबत सरावासाठी येणाऱ्या एका फाइलपुरतंच ते उघडं असतं. फर्निचर, ऑफिसचं सामान आणि टेक्नॉलॉजी असे त्याचे तीन विभाग, त्यांत मालाचे सतरा प्रकार, देशाचे चार प्रदेश आणि काही वर्षांच्या ऑर्डरी. एकूण धंदा नफ्यात आहे. पण प्रकारानुसार नफ्याचा बार चार्ट काढला की शून्याच्या उलट्या बाजूला सगळ्यात लांब गेलेला एक बार डोळ्यांत भरतो. तो टेबलांचा. त्याच विभागातल्या खुर्च्या नफा कमावतात आणि टेबलं तो घालवतात.

नवशिक्या साहजिकच त्या बारवर क्लिक करतो. पुढे काय घडायला हवं, हा या पुस्तिकेचा विषय.

शेजारी अमेरिकेचा नकाशा आहे, खाली महिन्यागणिक विक्रीची रेषा, वर कोपऱ्यात एकूण नफ्याचा ठळक आकडा. क्लिक केल्यावर नकाशा फक्त टेबलांपुरता व्हावा का? कोपऱ्यातला आकडा उणे व्हावा का, आणि झालाच तर त्याच्या डोक्यावरची ‘एकूण नफा’ ही पाटी खोटी ठरत नाही का? बाकीच्या सोळा बारांनी नाहीसं व्हावं, फिकं पडावं की जागचं हलूच नये? त्याच बारवर पुन्हा क्लिक केलं तर सगळं पूर्ववत व्हावं का?

एवढे निर्णय एका क्लिकमागे असतात आणि बहुतेक ऑफिसांत ते कुणी घेतलेलेच नसतात. सॉफ्टवेअर ज्या सवयी घेऊन आलं, त्याच चालू राहतात. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआयमध्ये एका बारवर क्लिक केलं की शेजारचे बार चार्ट गाळले जात नाहीत. निवडीत बसणारा हिस्सा गडद राहतो आणि उरलेला फिका होऊन मागे उभा राहतो. त्याच पानावरची रेषा, तक्ता आणि आकड्याचं कार्ड मात्र थेट गाळलं जातं. टॅब्लोमध्ये क्लिकनंतर त्याच चार्टातले बाकीचे बार फिके होतात आणि शेजारचे चार्ट ढिम्म राहतात; त्यांनी हलायला हवं असेल तर डॅशबोर्ड करणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागतं. मेटाबेसमध्ये त्याच क्लिकवर बारमागच्या नोंदी बघायच्या का, असं विचारणारी छोटी यादी उघडते. ज्या कंपनीत विक्री विभाग एक सॉफ्टवेअर वापरतो आणि हिशेब विभाग दुसरं, तिथे एकच माणूस दिवसातून दोनदा तीच कृती करतो आणि दोन वेगळी उत्तरं घेऊन मीटिंगला जातो.

यावर उपाय म्हणून बरेचदा आणखी फिल्टर जोडले जातात. पानाच्या डाव्या कडेला ड्रॉपडाउनांची रांग लागते: वर्ष, तिमाही, रीजन, शाखा, प्रॉडक्ट, सेल्समन. एमआयएस सांभाळणाऱ्याला वाटतं, जितके फिल्टर तितकी सोय. खरी अडचण दुसरीकडेच असते. आकडे गाळणं संगणकाला फारसं जड नाही. समोर दिसणारं चित्र या क्षणी नेमकं कशाचं आहे आणि त्यातून काय वगळलं गेलं आहे, हे बघणाऱ्याच्या नजरेसमोर सतत ठेवणं जड आहे. या विद्येच्या पन्नासएक वर्षांच्या इतिहासात हुशार माणसं पुन्हा पुन्हा याच ठिकाणी अडलेली दिसतात.

तो इतिहास धंद्यात सुरू झाला नाही, कणभौतिकीत झाला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी जेरोम फ्रीडमन आणि मेरी ॲन फिशरकेलर यांच्यासोबत स्टॅनफर्डच्या प्रवेगक केंद्रात प्रिम-९ नावाची प्रणाली उभी केली. प्रत्येक नोंदीला नऊपर्यंत मोजमापं असलेला डेटा तिथे पडद्यावर ठिपक्यांच्या रूपात मांडता येई आणि फिरवून बघता येई. नावातली चार अक्षरं चार क्रियांची होती: चित्र काढणं, फिरवणं, अलग करणं आणि झाकणं. झाकणं म्हणजे ठरावीक पट्ट्यातलेच ठिपके दिसू देणं. अलग करणं म्हणजे दिसणारे ठिपके बाजूला काढून पुढच्या तपासणीला घेणं. तात्पुरतं बघणं आणि कायमचं निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे तिथेच ओळखलं गेलं होतं. आजच्या कित्येक डॅशबोर्डांना अजून तो फरक उमगलेला नाही. त्यांत माउस नुसता वरून नेला तरी चार्ट बदलतात, आणि निवड पक्की झाली की नाही याचा पत्ता लागत नाही.

१९८७ साली बेल लॅब्जचे रिचर्ड बेकर आणि विल्यम क्लीव्हलँड यांनी ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात ब्रशिंगची रीत मांडली. बघणारा माउसनं एक चौकोन ठिपक्यांवरून फिरवतो आणि चौकोनाखाली आलेल्या नोंदी शेजारच्या सगळ्या आलेखांत त्याच क्षणी उजळतात. त्या नोंदी फक्त उजळवायच्या, पुसून टाकायच्या की त्यांच्यावर नावं दाखवायची, हे बघणारा ठरवत असे. शिवाय ब्रशचे तीन प्रकार होते: पुढे सरकताच खूण मिटणारा, खूण मागे ठेवणारा आणि केलेली खूण मागे घेणारा. हा तिसरा प्रकार त्यांनी पहिल्याच मांडणीत घातला होता, याला दाद द्यायला हवी. कारण ‘सगळे फिल्टर काढा’ हे बटण आजही अनेक व्यावसायिक रिपोर्टांत शोधूनही मिळत नाही.

मग मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेतून आणखी दोन गोष्टी आल्या. १९९२ च्या होमफाइंडरमध्ये वॉशिंग्टन परिसरातली विकाऊ घरं नकाशावर ठिपक्यांनी दाखवलेली होती. किंमत, खोल्यांची संख्या, कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर अशा पट्ट्या सरकवल्या की ठिपके उजळत आणि विझत. १९९४ च्या फिल्मफाइंडरमध्ये क्रिस्टोफर आल्बर्ग यांच्यासोबत त्यांनी चित्रपटांचा तसाच पट मांडला. त्यात एक शहाणपणाची सोय होती. एक पट्टी सरकवली की बाकीच्या पट्ट्यांतले अशक्य झालेले पर्याय आपोआप आकसत, त्यामुळे निवडींच्या जंजाळात शिरून शेवटी कोऱ्या पडद्यासमोर बसायची पाळी येत नसे. आल्बर्ग यांनी याच कल्पनेवर १९९६ साली स्पॉटफायर कंपनी काढली. त्याच वर्षी श्नायडरमन यांनी सगळ्या क्षेत्राला पाठ झालेला क्रम लिहिला: आधी समग्र चित्र, नंतर जवळ जाणं आणि गाळणं, तपशील मागितल्यावर. आजचे रिपोर्ट उघडतात तेच मुळी अर्धवट गाळलेल्या अवस्थेत, चालू महिना आणि आपली शाखा आधीच निवडून. समग्र चित्राची पायरी त्यांत येतच नाही.

या इतिहासातला मधला दुवा मराठी ऑफिसांच्या चांगल्या परिचयाचा आहे, कारण तो एक्सेलमध्ये आहे. शीटला फिल्टर लावला की स्तंभाच्या डोक्यावर गाळणीचं चिन्ह येतं, ओळींचे क्रमांक निळे होतात आणि खालच्या पट्टीत इतक्यांपैकी इतक्या नोंदी सापडल्या असा मजकूर उमटतो. एकाच गोष्टीच्या तीन खुणा, आणि तरी गाळलेल्या शीटला पूर्ण समजून बेरीज पुढे पाठवल्याचे किस्से प्रत्येक हिशेब विभागात सापडतील. २०१० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं स्लायसर आणला तो याच रोगावर. ड्रॉपडाउन मिटल्यावर आतली निवड डोळ्यांआड होते; स्लायसरमध्ये सगळे पर्याय बटणांसारखे उघडे राहतात, निवडलेले रंगीत, आणि ज्यांत डेटा उरलेला नाही ते फिके. पर्याय वीसच्या आत असतील तर स्लायसरसारखी सोय नाही. पाचशे वितरकांची यादी त्यात कोंबली की तो पान खाऊन टाकतो, आणि मग शोधायची चौकट असलेला ड्रॉपडाउनच बरा.

स्वीडनमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या क्लिक कंपनीनं, म्हणजे क्लिकव्ह्यूवाल्यांनी, वेगळा विचार केला. त्यांच्या पडद्यावर निवडलेलं हिरवं, निवडीशी जुळणारं पांढरं आणि निवडीतून बाहेर पडलेलं करडं. बहुतेक सॉफ्टवेअर बाहेर पडलेलं लपवतात. इथे ते यादीतच बसून राहतं. एखादं उत्पादन निवडल्यावर कोणत्या दुकानांनी ते घेतलं हे पांढऱ्यात दिसतं, आणि कोणत्या दुकानांनी एकदाही घेतलं नाही हे करड्यात. विक्रीवर निघालेल्या माणसाला दुसरी यादी पहिलीपेक्षा जास्त उपयोगाची. क्लिकचं सॉफ्टवेअर सर्वांच्या पसंतीला उतरेलच असं नाही. त्याची रंगांची भाषा शिकावी लागते आणि नवख्या माणसाला ती कोड्यात टाकते. पण गाळलेल्या आकड्यांचं काय करायचं, या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

आता पुन्हा टेबलांकडे. उजळवणं आणि गाळणं यांत कशाची निवड करायची, याचा निवाडा आवडीनिवडीवर सोडायचं कारण नाही; बघणाऱ्याचा प्रश्न काय आहे त्यावरून तो होतो. ‘प्रत्येक राज्याच्या विक्रीत टेबलांचा वाटा किती?’ असं विचारायचं असेल तर फिक्या बारच्या पोटात गडद बार हवा, कारण वाटा समजायला पूर्ण दिसावं लागतं. ‘टेबलं नेमकी कुठे तोट्यात जातात?’ असं विचारायचं असेल तर बाकीचा माल दृष्टिआड गेलेला बरा, नाहीतर टेबलांचा बारीक हिस्सा मोठ्या बारांच्या तळाशी दिसेनासा होतो. सरासरीच्या बाबतीत उजळवणं तर भलतंच फसवं. एका गटाची सरासरी एकूण सरासरीपेक्षा जास्त असू शकते, आणि मग गडद बार फिक्या बारच्या बाहेर डोकं काढतो. वाटा म्हणून बघणाऱ्याला ते चित्र म्हणजे पूर्णाहून मोठा भाग वाटतं. सरासरी, टक्केवारी, प्रति ग्राहक खर्च अशा मापांच्या चार्टांना गाळणंच लावावं, असा साधा संकेत पाळला तरी बराच घोळ वाचतो.

सुपरस्टोअरची फाइल इथेच आणखी एक गोष्ट शिकवते. नकाशावर टेक्सास निवडलं तर विक्री भरपूर आणि नफा उणे. न्यू यॉर्क निवडलं तर दोन्ही भरघोस. सवलतीचा चार्ट शेजारी असेल तर कारण लगेच ध्यानात येतं: टेक्सासात माल मोठ्या सवलतीनं गेलेला आहे. सवलतीचा चार्ट शेजारी नसेल, तर टेक्सासचा मॅनेजर नालायक असा निष्कर्ष काढून बैठक संपते. फिल्टरनं प्रश्न अरुंद होतो. अरुंद झालेल्या प्रश्नाचं कारण पानावर कुठे दिसणार, हे फिल्टर लावण्याआधी ठरवायला हवं, आणि म्हणून फिल्टरचा आराखडा चार्टांच्या निवडीपासून वेगळा काढता येत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण धंद्यातलं नाही, विद्यापीठातलं आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आणि स्त्री अर्जदारांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना प्रवेश मिळाला. सरळसरळ भेदभाव दिसत होता. पीटर बिकेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७५ साली ‘सायन्स’मध्ये हेच आकडे विभागवार मांडले तेव्हा चित्र फिरलं. सगळ्यात मोठ्या विभागांपैकी एकात तर ८२ टक्के स्त्रिया आणि ६२ टक्के पुरुष घेतले गेले होते. जिथे प्रवेश मिळणं मुळातच कठीण अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते, म्हणून एकूण आकडा त्यांच्या विरुद्ध झुकला. हे आकडे आज एखाद्या डॅशबोर्डवर असते तर विभागाच्या एका क्लिकनं निष्कर्ष उलटला असता, आणि क्लिक न करणाऱ्याला त्याची गंधवार्ताही लागली नसती. म्हणून ज्या फिल्टरनं गोष्ट उलटते, तो मेनूत लपवू नये. ते विभाजन चार्टातच उघड मांडावं.

गाळल्यानंतर चित्र स्वतःहून जे बदल करतं, ते तर आणखी गनिमी. अक्ष हे त्यातलं पहिलं. समजा, सगळ्या रीजनांच्या चार्टावर अक्ष दोनशे कोटींपर्यंत जातो. वापरणारा फक्त ईशान्येकडचा रीजन निवडतो, ज्याची विक्री दोन कोटी. सॉफ्टवेअर अक्ष लगेच दोन कोटींवर आणून ठेवतं आणि बार पुन्हा छताला टेकतात. आकार तोच, रुबाब तोच, फक्त बाजूचे आकडे बारीक अक्षरांत बदललेले. एकट्या रीजनचे चढउतार बघायचे असतील तर हे योग्यच; रीजनांची तुलना करत एकेकावर क्लिक करत जाणाऱ्याची मात्र शुद्ध फसवणूक. अक्ष बांधून ठेवायचा की मोकळा सोडायचा, हे प्रत्येक चार्टागणिक ठरवावं लागतं.

रंग हे दुसरं. डीथ्री या जावास्क्रिप्ट लायब्ररीत रंगांची यादी दिली आणि गटांची नावं आधी सांगितली नाहीत, तर गट ज्या क्रमानं समोर येतील त्या क्रमानं रंग वाटले जातात. चार्ट दर वेळी नव्यानं आखला जात असेल तर पहिला गट गाळला जाताच दुसऱ्याला पहिल्याचा रंग मिळतो. क्षणापूर्वी निळं म्हणजे फर्निचर होतं, आता निळं म्हणजे टेक्नॉलॉजी. नावं आणि रंग यांची गाठ सुरुवातीलाच पक्की बांधली की हा प्रश्न संपतो. काम दोन ओळींचं, पण राहून जातं.

वेग हा विषय तंत्रज्ञांना आवडतो, त्यामुळे त्याच्यावर लिहिलंही खूप गेलं आहे. जेकब निल्सन यांनी १९९३ साली मांडलेल्या मर्यादा अजून चालतात: दशांश सेकंदात उत्तर आलं तर ते आपल्याच हातानं घडल्यासारखं वाटतं, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. २०१२ साली पेमेंट कंपनी स्क्वेअरनं क्रॉसफिल्टर ही लायब्ररी खुली केली तेव्हा तिचं प्रात्यक्षिक अमेरिकेतल्या सुमारे अडीच लाख विमानफेऱ्यांवर चालत होतं. एका चार्टावर पट्टी ओढली की बाकीचे चार्ट तीस मिलिसेकंदांच्या आत हलत. पण खरं डोळे उघडणारं काम झिचेंग लिऊ आणि जेफ्री हीर यांचं. २०१४ च्या त्यांच्या प्रयोगात प्रत्येक कृतीला अर्ध्या सेकंदाचा जादा उशीर लावला, तर लोकांनी कमी डेटा धुंडाळला आणि त्यांची निरीक्षणंही कमी झाली. ज्यांनी सुरुवात संथ पडद्यावर केली, त्यांचं काम पुढे वेगवान पडद्यावरही काहीसं मागेच राहिलं. मंद डॅशबोर्ड माणसाला कमी विचारायची सवय लावतो. मोठ्या डेटाबेसवर प्रत्येक क्लिकला क्वेरी धावणार असेल आणि तिला चार सेकंद लागणार असतील, तर सगळ्या निवडी करून घेऊन शेवटी ‘लागू करा’ बटण देणं जास्त प्रामाणिक. पॉवर बीआय आणि टॅब्लो या दोन्हींतही ती सोय आहे. ते बटण दिलं की मात्र ‘निवडलं आहे पण लागू झालेलं नाही’ अशी तिसरी अवस्था तयार होते आणि तीही स्पष्ट दाखवावी लागते.

परत फिरण्याच्या वाटेबद्दल टॅलीकडून शिकण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या पेढ्यांवर टॅली चालवणाऱ्यांना कुणी डॅशबोर्ड डिझायनर म्हणत नाही, पण ताळेबंदावर एंटर दाबून गटात, गटातून लेजरमध्ये, लेजरमधून थेट व्हाउचरपर्यंत उतरणं आणि एस्केप दाबत एकेक पायरी वर येणं त्यांच्या बोटांत बसलेलं आहे. ते खोलात उतरणं आहे, गाळणं नाही. गाळताना माणूस जागा सोडत नाही, फक्त समोरचं कमी होतं. तरीही जितक्या पायऱ्या खाली तितक्याच वर, हा टॅलीचा नेम फिल्टरनाही लागू पडतो. उलट, टॅब्लोमध्ये निवड काढून घेतल्यावर काय व्हावं याचे तीन पर्याय असतात: गाळलेलं तसंच ठेवा, सगळं पुन्हा दाखवा किंवा काहीच दाखवू नका. पहिला पर्याय नजरचुकीनं राहिला तर निवड गेलेली दिसते आणि गाळलेलं तसंच राहतं. यापेक्षा वाईट अवस्था शोधून सापडणार नाही. पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत तर वापरणाऱ्यानं लावलेले फिल्टर पुढच्या भेटीपर्यंत टिकतात. शुक्रवारी नागपूर बघून गेलेल्या अधिकाऱ्याला सोमवारी सकाळी पुन्हा नागपूरच दिसतं. पूर्वस्थितीला नेणारं बटण वर असतं, पण आपण नागपुरात आहोत हे आधी कळलं तर कुणी ते दाबेल.

म्हणून प्रत्येक चार्टाच्या शीर्षकातच निवड वाचता यायला हवी. ‘विक्री’ असं मोघम न लिहिता ‘विक्री: टेबलं, टेक्सास, चालू तिमाही’. शीर्षक निवडीबरोबर बदलेल अशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे. हा आग्रह वरवर क्षुल्लक वाटेल. पण भारतीय ऑफिसांत डॅशबोर्डचा सगळ्यात मोठा वाचकवर्ग डॅशबोर्ड उघडतच नाही. तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेला स्क्रीनशॉट बघतो. डाव्या कडेची फिल्टरांची रांग कापून घेतलेली असते. शीर्षक मात्र चार्टासोबत प्रवास करतं.

महाराष्ट्राच्या डेटावर काम करणाऱ्यांना पाठ्यपुस्तकांत न सापडणाऱ्या काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. जिल्ह्यांची यादी घ्या. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर: जुन्या नोंदींत एक नाव आणि नव्या नोंदींत दुसरं असेल तर फिल्टरच्या यादीत एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी येतात आणि कुठलीही एक निवडली तरी अर्धा धंदा गाळला जातो. जिल्ह्याला कायमचा सांकेतिक क्रमांक देऊन नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवलं तर हे मिटतं. ठाण्याचं तसं मिटत नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला. २०१२ ते २०१६ चा चार्ट काढून ठाणे निवडलं तर मध्येच विक्री कोसळलेली दिसते, आणि कोसळलेलं काहीच नसतं. वसई, डहाणूचे ग्राहक शेजारच्या ओळीत गेलेले असतात. तिथे जुन्या हद्दीचा ‘ठाणे व पालघर’ असा जोडपर्याय तरी द्यावा, नाहीतर रेषेवर त्या तारखेची खूण तरी करावी.

तारखांचंही तसंच. या सॉफ्टवेअरांचं आपोआप तयार होणारं वर्ष जानेवारीला सुरू होतं. इथला हिशेब एप्रिलला. पहिली तिमाही निवडली आणि एप्रिल ते जूनऐवजी जानेवारी ते मार्च आलं, तर वार्षिक टार्गेट गाठायच्या घाईचे महिने वर्षाच्या आरंभी जाऊन बसतात. आर्थिक वर्ष एप्रिलपासून धरण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. चालू महिन्याची मागच्या पूर्ण महिन्याशी तुलना करणारा फिल्टर ही आणखी एक नेहमीची खोड. महिन्याच्या पाच तारखेला सगळेच रीजन बुडालेले दिसतात.

कोण बघणार आहे, याचा विचार रंगांपाशी थांबत नाही. निवड फक्त रंगानं दाखवली तर लाल-हिरव्यात गफलत होणाऱ्यांना ती दिसत नाही; उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशांचं प्रमाण सुमारे आठ टक्के मोजलं गेलं आहे. कडेला जाड रेघ किंवा शेजारी बरोबरची खूण पुरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या वेब सुलभतेच्या २.२ या मानकात क्लिक करायच्या जागेची किमान मोजमाप चोवीस बाय चोवीस पिक्सेल धरलं आहे. एक टक्क्याची पाय चार्टातली फाक फोनवर अंगठ्यानं निवडायची म्हटलं तर त्या मानकाचं कारण लगेच पटतं. आणि मुळात बारवर क्लिक करता येतं, हे कळणार कसं? बार बटणासारखा दिसत नाही. २२ जानेवारी २०२० पासून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोविड डॅशबोर्डनं जगभरच्या माणसांना देशाच्या नावावर क्लिक करायला शिकवलं, भारतात स्वयंसेवकांच्या कोविड१९इंडियानं राज्यांवरून जिल्ह्यांत शिरायला शिकवलं, त्यामुळे आजचा वापरणारा आधीपेक्षा धीट आहे. तरी चार्टाखाली ‘बारवर क्लिक करून शाखा निवडा’ एवढी एक ओळ लिहिल्यानं कुणाचं सौंदर्य बिघडत नाही.

शेवटचा विषय परवानगीचा. फिल्टर म्हणजे कुलूप, असा समज घट्ट रुजलेला आहे. कोल्हापूरच्या शाखेला फक्त कोल्हापूरचे आकडे दिसावेत म्हणून रिपोर्टावर फिल्टर लावून तो लपवला जातो. आकडे मात्र फाइलमध्ये असतातच, आणि जाणकार माणसाला तिथवर पोचता येतं. कोणाला कोणत्या ओळी मिळाव्यात हे डेटाच्या पातळीवर, वापरणाऱ्याच्या खात्याला बांधून ठरवावं लागतं. त्या सोयीला ओळनिहाय सुरक्षा म्हणतात आणि प्रमुख सॉफ्टवेअरांत ती असते. पण ती लावली की पडद्यावर एक नवा पेच उभा राहतो. कोल्हापूरच्या व्यवस्थापकानं शाखेच्या फिल्टरात ‘सर्व’ निवडलं तर त्याला कोल्हापूरच दिसतं, आणि मुंबईच्या मुख्यालयात त्याच ‘सर्व’मध्ये सगळा देश असतो. दोघं फोनवर ‘एकूण विक्री’बद्दल बोलतात, दोघांच्या पडद्यावर तीच पाटी, वेगळे आकडे. ‘सर्व’च्या जागी कोल्हापूरच्या पडद्यावर ‘तुमच्या सर्व शाखा (१)’ आणि मुख्यालयात ‘सर्व शाखा’, त्यापुढे त्यांची संख्या, असं लिहून आलं तर फोनवरचा निम्मा वेळ वाचतो. पुस्तिकेचं पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं: फिल्टरात एकही निवड केलेली नसताना पानावर काय लिहिलेलं असावं.